तिसऱ्या चौकोनात खूण करण्याआधी

ताई,

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ३८. लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. २०१८ साली आयव्हीएफ केलं, पहिल्याच खेपेला दिवस राहिले. मुलगा आता सहा वर्षांचा आहे. तेव्हाचे चार एम्ब्रिओ, म्हणजे भ्रूण, क्लिनिकमध्ये गोठवलेले आहेत. दरवर्षी मे महिन्यात पैसे भरायची आठवण येते, आम्ही भरतो आणि विषय बंद करतो. यंदा सोबत फॉर्म आला. तीन चौकोन आहेत : आणखी एक वर्ष ठेवा, नष्ट होऊ द्या, संशोधनाला द्या. खाली दोघांच्या सह्या.

दुसरं मूल नको असं ठरलंय, असं हे म्हणतात. हे कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत आहेत. त्यांच्या मते तिसरा चौकोन. माझ्या भावाची मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला टाइप वन डायबेटिस आहे. गणेशचवथीला सगळी मुलं नेवऱ्यांवर (करंज्यांवर) तुटून पडली होती आणि ती आतल्या खोलीत पोटाला सुई टोचून घेत होती, एक नेवरी खाता यावी म्हणून. हे म्हणतात, आपले एम्ब्रिओ स्टेम सेलसाठी गेले तर तिच्यासारख्यांना उपयोग होईल, नाहीतर गटारातच जाणार. सासूबाई म्हणतात, "तीं आमचींच भुरगीं न्हय गो? आपलीं भुरगीं कोण कापूंक दिता?" (आपली मुलं कुणी कापायला देतं का?) त्यांना देवीला प्रसाद लावायचा आहे, म्हणजे मूर्तीला चिकटवलेली कुठली पाकळी पडते ते बघून कौल घ्यायचा आहे. शेजारीण ख्रिस्ती, माझी जिवाभावाची. तिला सांगितलं तर बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्यासाठी प्रार्थना करीन, पण हो म्हणू नको."

मला रात्री चार नावं सुचतात. मी वेडी आहे का? मुलीसारखं समजून सांगा, काय करू? आणि नष्टच होऊ द्यायचे झाले तर मला तिथे जाता येईल का?

(नाव छापू नका.)

---

बाय,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडले. 'दुसरं मूल नको असं ठरलंय, असं हे म्हणतात.' नवरा काय म्हणतो ते पत्रात आहे, सासूबाई आहेत, शेजारीण आहे, भाची आहे. तुला स्वतःला काय हवं आहे, ते मात्र कुठेच नाही. आहेत ती फक्त चार नावं, तीही माफी मागितल्यासारखी शेवटी लिहिलेली.

वेडी नाहीस. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बायकांशी बोलण्याचं काम मी पुष्कळ वर्षं केलं. गोठवलेल्या भ्रूणांना नावं देणाऱ्या, त्यांची वयं मोजणाऱ्या, मे महिन्यातलं ते पत्र कपाटात साड्यांखाली सारून ठेवणाऱ्या, सगळ्या मला भेटल्या आहेत. सात वर्षं वाट पाहिलेल्या बाईला ते चार ठिपके नुसते ठिपके वाटावेत, अशी अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून संशोधनाचा वाद घटकाभर बाजूला ठेव आणि आधी नवऱ्याला घेऊन बस. शनिवारी मुलाला सासूबाईंकडे सोपवा, कुठेतरी बाहेर जा, आणि 'ठरलंय' ते कुणी, कधी ठरवलं हे एकदा मोकळेपणाने बोला. पैशांची चिंता असेल, तुझ्या तब्येतीची असेल, त्या सात वर्षांची पुन्हा आठवणही नको असेल, ही सगळी कारणं खरी असू शकतात. पण ती तुझ्या तोंडून यायला हवीत. दोन गोष्टी माहीत असू दे. हे भ्रूण झाले तेव्हा तू ३१ वर्षांची होतीस, आणि यशाची शक्यता मुख्यतः बीज कोणत्या वयात काढलं त्यावर असते, आज तू किती वर्षांची आहेस त्यावर कमी. दुसरं, आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी केलेला २०२१ चा एआरटी कायदा भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवू देतो. तुमचे २०१८ चे आहेत. म्हणजे निकड नाही. यंदा मनाचा ठाव लागला नाही तर सरळ पहिल्या चौकोनात खूण कर आणि पैसे भर. ते वर्ष वाया गेलं असं समजू नको.

आता धरून चालू की तुम्ही दोघं बोललात आणि खरोखरच दुसरं मूल नको असं ठरलं. मग राहतात दोन चौकोन. आणि इथे मला वाटतं, तुमच्या घरात चौघंही एकमेकांशी वेगवेगळ्या वस्तूबद्दल बोलताहेत. ती वस्तू आधी नीट बघूया.

एका प्रयोगशाळेतल्या एम्ब्रिऑलॉजिस्ट बाईंनी मला एकदा मायक्रोस्कोपखाली पाच दिवसांचा भ्रूण दाखवला होता. पायांना वेगळ्या चपला, डोक्याला टोपी, खोलीत मंद उजेड. डोळा लावला तर आधी काहीच कळेना. मग एक गोल दिसला, साबणाच्या फुग्यासारखा, कडेला पेशींची पातळ साय, आणि आत एका बाजूला चिकटलेला छोटा गोळा. सगळं मिळून शंभर-दोनशे पेशी. आकार रांगोळीच्या एका कणाएवढा. बाई म्हणाल्या, कडेची साय असते तिची पुढे वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लासेंटा, होते आणि आतल्या गोळ्याचं बाळ. मेंदू नाही, रक्त नाही, मज्जातंतूचा एक धागाही नाही, म्हणजे दुखायला काहीच नाही. पण मी डोळा काढला तेव्हा माझे हात गार पडले होते. त्या फुग्याकडे बघून 'काहीच नाही' असं मला म्हणवलं नाही, आणि 'बाळ आहे' असंही म्हणवलं नाही. आजही तिथेच आहे मी.

तुमचे चार असेच पातळ पट्ट्यांवर, द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर आहेत. तिथे काही वाढत नाही, काही मोठं होत नाही. ते सात वर्षांचे झालेले नाहीत, बाय. पाच दिवसांचेच आहेत.

संशोधनाला दिले तर काय होतं, हे फॉर्मवर लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहिते. भ्रूण वितळवून जागा करतात. तो नीट जागा झाला तर वरची साय काढून आतला गोळा वेगळा करतात आणि बशीत वाढवतात. त्या क्षणी भ्रूण संपतो. हे गोड शब्दांत सांगून उपयोग नाही. सासूबाई 'कापणं' म्हणतात त्यात दुःखाची कल्पना चुकीची आहे, पण तो मोडतो हे खरं आहे. त्या पेशी जगल्या तर त्यांच्यापासून शरीरातली कोणतीही पेशी घडवता येते, हृदयाची, डोळ्यांच्या पडद्याची, इन्शुलिन करणारी, आणि त्या वाढतच राहतात. याच त्या स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी; अशा एकेका वाढत्या वंशाला लाइन म्हणतात. माणसाच्या भ्रूणापासून पहिल्या लाइन्स १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी केल्या, त्याही आयव्हीएफमधून उरलेल्या आणि जोडप्यांनी दिलेल्या भ्रूणांपासून. त्यातल्या काहींवर आजही जगभर काम चालतं. आपल्याकडे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत अशा दोन लाइन्स झाल्या, बंगळूरला झाल्या. म्हणजे कुठल्या तरी मुंबईच्या, कर्नाटकच्या बायकांनी तुझ्यासारखाच फॉर्म हातात घेऊन सही केली होती.

बाळाच्या नाळेतलं रक्त साठवतात ते वेगळं, याचा त्याच्याशी गोंधळ करू नको. नाळेतल्या रक्तासाठी कुणाला काही मोडावं लागत नाही. हाडाच्या मगजातल्या मूलपेशींनाही नाही. वाद आहे तो फक्त भ्रूणापासून काढलेल्या पेशींचा.

आणि हा वाद जुना आहे, फार खोल आहे. सासूबाईंना अडाणी ठरवू नको, शेजारणीला कर्मठ ठरवू नको.

शेजारणीचं आधी सांगते, कारण तिची बाजू सर्वांत सरळ आहे. व्हॅटिकनने १९८७ साली आणि पुन्हा २००८ साली स्पष्ट लिहिलं की बीज फळलं त्या क्षणापासून त्याला माणसाचा मान द्यायचा, दुसऱ्याचं भलं होतं म्हणून त्याला साधन करायचं नाही. यातला मुद्दा नीट ऐक. ती असं म्हणत नाही की भ्रूणाला दुखेल. ती म्हणते, सुरुवात कुठे झाली म्हणायची ही रेघ आपल्या सोयीने पुढे सरकवायला लागलो तर ती कुठे थांबेल? हा प्रश्न मला आजवर कुणालाही खोडून काढता आलेला दिसला नाही. चर्चला आयव्हीएफच मान्य नाही, हे तिलाही ठाऊक असणार. तरी ती तुझी जिवाभावाची राहिली आहे. गप्प बसून मग प्रार्थनेचं बोलली, यातच तिने तुझ्यासाठी किती विचार केला ते दिसतं.

सासूबाईंचं म्हणणं आपल्या ग्रंथांत शोधायला गेलं तर दोन्हीकडची वाक्यं सापडतात. चरकसंहिता म्हणते, शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुशीत झाला की त्याला गर्भ म्हणावं. त्यातला जीव धरला तर सासूबाई बरोबर. त्यातली कूस धरली तर बशीत झालेला, कुशीत कधीच न गेलेला भ्रूण गर्भ होत नाही. गर्भोपनिषद जीव येतो तो सातव्या महिन्यात म्हणतं. सुश्रुत म्हणतो, चौथ्या महिन्यात हृदय उमटतं, म्हणून ती बाई दोन हृदयांची, दौहृदिनी, आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात. आपला डोहाळे हा शब्द तिथूनच आला. तुला फुलं माळली असतील, डोहाळजेवण केलं असेल, ते सासूबाईंनीच केलं असेल ना? मग पाचव्या दिवशी का नाही केलं, असं त्यांना विचार. भांडायला नको विचारू, खरंच विचार. आपल्या आज्या-पणज्यांनी ओटी भरायला काही महिने वाट पाहिली, कारण पोटातलं टिकेल की नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. गर्भाबद्दलचा आदर आपल्याकडे हळूहळू, महिन्यामहिन्याने चढत गेला आहे. मला स्वतःला हे पटतं. पण हे पटवून घ्यायला वेळ लागतो, आणि सासूबाईंनी नातवासाठी सात वर्षं नवस केले असतील तर त्यांना 'भुरगीं' दिसणारच.

जगाने यावर काय केलं हेही थोडक्यात सांगते, म्हणजे घरात एकटेच भांडतोय असं वाटणार नाही. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ बाईंच्या समितीने १९८४ साली सुचवलं की चौदा दिवसांपुढे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवू नये. कारण त्या सुमारास त्याच्यावर एक रेघ उमटते. पाठीचा कणा त्या रेघेच्या आधाराने आखला जातो. तोवर एकाची दोन जुळीही होऊ शकतात, म्हणजे तो 'एक कोणी' असं अजून ठरलेलंही नसतं. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांतही हीच मर्यादा आहे. जर्मनीने १९९० सालीच भ्रूण मोडून पेशी काढायला बंदी घातली. अमेरिकेत अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २००१ साली सरकारी पैसा आधी झालेल्या लाइन्सपुरताच ठेवला, आणि २००६ साली बंधन सैल करणारं विधेयक नाकारलं तेव्हा उरलेल्या भ्रूणांपासून जन्मलेली, दत्तक गेलेली मुलं त्यांच्याभोवती उभी होती. त्यांच्याच पक्षाच्या, माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या पत्नी नॅन्सी रेगन मात्र नवऱ्याचा अल्झायमर बघून संशोधनाच्या बाजूने उभ्या राहिल्या. २००९ मध्ये अध्यक्ष ओबामांनी बंधन उठवलं. बघ, बुश आणि नॅन्सी एकाच पक्षात असून दोन बाजूंना, एकाच घरासारखं.

आणि जपानच्या शिन्या यामानाका यांची गोष्ट. मित्राच्या क्लिनिकमध्ये त्यांनी मायक्रोस्कोपखाली भ्रूण पाहिला आणि त्यांना वाटलं, याच्यात आणि माझ्या मुलींमध्ये फरक किती थोडा आहे. दुसरा काही मार्ग असला पाहिजे, या ध्यासाने त्यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशी मागे वळवून भ्रूणातल्या पेशींसारख्या केल्या. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. तो गोल पाहून माझे हात गार पडले, त्यांनी तोच गोल पाहून आयुष्याचं काम शोधलं. तुझ्या शेजारणीला ही गोष्ट जरूर सांग. पण नवऱ्यालाही एक सांग, की यामानाकांच्या पेशी आल्या म्हणून भ्रूणातल्या पेशींची गरज संपली नाही. नव्या पेशी बरोबर झाल्या का, हे अजूनही जुन्यांशी ताडून बघतात. उपचारांच्या चाचण्याही दोन्हींवर चालू आहेत.

आता तुझी भाची. इथे मला तुझ्या नवऱ्याशी थोडं कडक बोलायचं आहे, कारण त्याचा हेतू चांगला असला तरी तो तुझ्यावर नकळत ओझं टाकतो आहे. टाइप वनमध्ये शरीर स्वतःच्याच इन्शुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकतं. त्या पेशी बाहेर घडवून पुन्हा द्यायच्या, हे स्वप्न हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी आयुष्यभर धरलं, कारण त्यांची स्वतःची दोन्ही मुलं टाइप वनची. सरकारी पैसा मिळेना तेव्हा त्यांनी खासगी देणग्यांवर २००४ साली सतरा नव्या लाइन्स केल्या, जोडप्यांनी दिलेल्या गोठवलेल्या भ्रूणांपासून. अशा पेशींना इन्शुलिन करायला शिकवायला त्यांच्या प्रयोगशाळेला आणखी दहा वर्षं लागली. याच कामातून उभ्या राहिलेल्या उपचाराचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा जणांना वर्षानंतर बाहेरून इन्शुलिन लागत नव्हतं. मी ते वाचलं तेव्हा मला तुझ्या भाचीसारखी किती मुलं आठवली म्हणून सांगू!

पण ते बाराही जण मोठी माणसं, साखर एकाएकी धोक्याइतकी खाली जाणारी. आणि परक्या पेशी टिकाव्यात म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहावी लागतात. अकरा वर्षांच्या मुलीसाठी तो सौदा आज कुणी डॉक्टर करणार नाही. तुमच्या चार भ्रूणांनी तिची सुई सुटणार नाही. ती जेव्हा सुटेल तेव्हा कदाचित दुसऱ्या कुणाच्या, आधीच दिलेल्या भ्रूणांच्या पेशींनी सुटेल. म्हणून 'भाचीसाठी दे' असं कुणी म्हणालं तर ते ऐकू नको. उद्या तिची साखर वर-खाली झाली की तुला उगीच वाटेल, मी दिलं असतं तर. तिला आत्ता हवं आहे ते वेळेवर इन्शुलिन, साखर बघायची पट्टी, आणि पुढच्या चवथीला आतल्या खोलीत नको, सगळ्यांसोबत ओसरीवर बसून सुई घ्यायची मोकळीक. हे मात्र तू करू शकतेस.

एक सावधगिरी तुझ्या भावाला कळव. स्टेम सेलने डायबेटिस बरा करतो म्हणून लाखाने पैसे मागणारी माणसं भेटतात. आपल्या राष्ट्रीय नियमांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी रक्तपेशींचं रोपण सोडलं तर स्टेम सेलचे बाकी सगळे वापर फक्त चाचणीत करायचे असतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की तिथून उठून यायचं.

माझं मत विचारलंस, तर झाकून ठेवत नाही. मी तुझ्या जागी असते, दुसरं मूल नको हे माझं स्वतःचं उत्तर असतं, आणि नवरा-बायको दोघांचं मन त्यात असतं, तर मी संशोधनाला दिले असते. जे कुशीत कधीच जाणार नाहीत त्यांना वितळून नुसतं थांबू देण्यापेक्षा त्यांच्यापासून कुणीतरी काही शिकावं, असं मला वाटतं. तुझा मुलगा तरी कशामुळे आहे? १९७८ साली कोलकात्यात सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवलेल्या भ्रूणापासून दुर्गा नावाची मुलगी जन्माला आणली, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर जेमतेम सत्तर दिवसांनी. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशी बसली, छळ झाला, आणि १९८१ साली त्यांनी जीव दिला. पुढे वर्षानुवर्षांनी त्यांचं काम मान्य झालं. आपण ज्या दारातून आत आलो ते दार असं कुणीतरी उघडून ठेवलेलं आहे. याचं ऋण मला वाटतं. पण हे माझं वाटणं आहे. तुला वाटलं नाही तर तू कृतघ्न होत नाहीस.

आणि तुझं मन नसेल तर सही करू नको. कायद्याने दोघांची संमती लागते, एकाची पुरत नाही. तुझी सही नसली तर ते भ्रूण संशोधनाला जात नाहीत.

द्यायचं ठरलं तरी त्या चौकोनात लगेच खूण करू नको. आधी क्लिनिकला लेखी विचार, संशोधन म्हणजे नेमकं कुठलं? कुठल्या संस्थेत? ती कायद्याखाली नोंदलेली आहे का, स्टेम सेलसाठी असेल तर त्या संस्थेच्या समितीची मंजुरी आहे का? मला अशी क्लिनिकं माहीत आहेत की फॉर्मवर तो चौकोन आहे, पण पलीकडे घेणारी संस्थाच नाही. मग भ्रूण टाकीतच पडून राहतात. आमची नावं पेशींसोबत जाणार का? मन बदललं तर कधीपर्यंत माघार घेता येईल? पेशी काढण्याआधीपर्यंत ती मुभा तुला असायला हवी. पैसे? भ्रूण विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे, तेव्हा कुणी पैशाचं बोललं तर समज काय ते. नीट उत्तर आलं नाही तर तिसरा चौकोन तुझ्यासाठी नाहीच. तुझा नवरा औषध कंपनीत आहे, कागद कसे वाचायचे हे त्याला कळतं. ही उत्तरं आणायचं काम त्याच्याकडे दे.

प्रसादाचं. सासूबाईंना प्रसाद लावायचा असेल तर लावू दे, अडवू नको. फक्त देवीला काय विचारायचं ते तू ठरव. 'देऊ की नको' हे तिच्यावर टाकलंस आणि डावी पाकळी पडली, तर पुढची वीस वर्षं तुला कळणार नाही की तुझं स्वतःचं मन काय होतं. मी असते तर आधी ठरवलं असतं आणि मग तिच्यापुढे ते ठेवून बळ मागितलं असतं. गुरवांना किंवा भटजींना कारण तपशिलाने सांगायची गरज नाही.

आणि तू पत्राच्या शेवटी विचारलंस, नष्ट होऊ द्यायचे झाले तर मला तिथे जाता येईल का. कायद्यातही शब्द तोच आहे, नष्ट होऊ देणं. गटार वगैरे काही नसतं, नवऱ्याला सांग तो शब्द पुन्हा वापरू नकोस म्हणून. तारीख ठरवायच्या आधी प्रयोगशाळेला विचार, काही ठिकाणी हो म्हणतात. मी एकदा एका जोडप्यासोबत गेले होते. टाकीचं झाकण उघडलं तशी पांढरी वाफ काठावरून खाली उतरली, जमिनीवर पसरली आणि विरली. एम्ब्रिऑलॉजिस्टने चिमट्याने पट्टी वर काढली, नाव दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, आणि एका स्वच्छ स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. मग कुणी काही बोललं नाही. पाच मिनिटं असतील. ती मुलगी केसांतली अबोलीची वळेसर काढून हातात धरून उभी होती. आत फुलं न्यायची परवानगी नव्हती, म्हणून तिने ती दाराबाहेरच्या बाकावर ठेवली. निघताना तिने पट्टीचं निळं टोपण मागितलं. बाईंनी पुसून दिलं.

तुला असं काही हवं असेल तर आधी सांगून ठेव, ऐनवेळी मागितलं तर देता येत नाही.

तुझी,
ताई